पतसंस्थेतली घड्याळं एका वेळेवर : प्रकल्प नोंदी

५ जून २०२३, सोमवार

मुख्य कार्यालयात एका खातेदाराने दुपारी एका काउंटरवर पैसे भरले आणि थोड्या वेळाने शेजारच्या काउंटरवरून त्यातले काही काढले. रोजकीर्दीत मात्र आधी काढले, मग भरले, असं दिसतंय. म्हणजे कागदावर पाहिलं तर शिल्लक नसताना रक्कम दिली. ऑडिटरने शेरा मारलाय आणि व्यवस्थापक साहेबांनी तो कागद माझ्यापुढे ठेवलाय. दोन्ही काउंटरवर काम चोख झालेलं आहे. संस्थेचं जुनं सॉफ्टवेअर व्हाउचरवर सर्व्हरची वेळ टाकत नाही. ज्या मशीनवर एंट्री झाली त्या मशीनची टाकतं. आणि त्या दोन मशीनची घड्याळं एकमेकांशी जुळत नाहीत.

आज आधी फक्त मोजमाप केलं. विंडोजमध्येच ‘डब्ल्यू३२टीएम’ ही कमांड असते. तिला ‘स्ट्रिपचार्ट’ असं सांगून वेळ देणाऱ्या मशीनचा पत्ता दिला की आपल्या आणि त्याच्या घड्याळातला फरक सेकंदाच्या अपूर्णांकापर्यंत दाखवते. हे बघायला अॅडमिन, म्हणजे मशीनवर पूर्ण हक्क असलेला युजर, असावं लागत नाही. कॅश काउंटर सहा मिनिटांहून जास्त पुढे, कर्ज विभाग चार मिनिटं मागे, पासबुक छापायचं मशीन जवळपास बरोबर. ठेव विभागातल्या एका मशीनवर गंमत वेगळीच: स्क्रीनवर वेळ अगदी बरोबर, पण कमांड म्हणते फरक ४५,००० सेकंदांचा. ते वेगळं बघावं लागेल.

साहेबांनी विचारलं, की एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतलेली मशीन वेगवेगळी कशी काय चालतात? प्रत्येक मदरबोर्डवर क्वार्ट्झचा एक छोटा स्फटिक असतो, घड्याळ त्याच्या कंपनांवर चालतं, आणि स्वस्तातला स्फटिक दहा लाखांत वीस भाग इकडेतिकडे होणं अगदी नेहमीचं आहे. वीस भाग म्हणजे दिवसाला १.७ सेकंद, महिन्याला पाऊण-एक मिनिट. उकाड्यात, बंद कपाटातल्या सीपीयूत, आणखी फरक. वर्षभर कुणी बघितलं नाही तर दहा मिनिटं सहज होतात.

७ जून, बुधवार

इथला प्रत्येक युजर अॅडमिन आहे. कॅशियर, शिपाई, पिग्मीचा हिशेब उतरवून घेणारा मुलगा, सगळे. का, ते आज स्टार्टअप फोल्डर उघडल्यावर कळलं. आधीच्या पुरवठादाराने तिथे एक बॅच फाइल ठेवलेली आहे, त्यात एकच ओळ: ‘नेट टाइम’, पुढे सर्व्हरचं नाव, पुढे ‘सेट’ आणि ‘येस’. युजरने लॉगिन केलं की सर्व्हरची वेळ घेऊन मशीनला लाव, एवढाच तिचा अर्थ.

ही ओळ युजरच्या नावाने चालते. साध्या युजरला विंडोज घड्याळाला हात लावू देत नाही, म्हणून ती ‘सिस्टिम एरर १३१४’ देऊन थांबते: आवश्यक तो अधिकार तुमच्याकडे नाही. मग त्यांनी सगळ्यांना अॅडमिन केलं. तरीही १३१४ आली असणार, कारण विंडोज ७ आणि १० मध्ये अॅडमिनने लॉगिन केलं तरी प्रोग्रॅम साध्याच हक्कांनी सुरू होतो. पूर्ण हक्क हवे असतील तर परवानगीची खिडकी यावी लागते. म्हणून मग ती खिडकीच बंद करून टाकलेली आहे. यूएसीची, म्हणजे ही खिडकी आणणाऱ्या व्यवस्थेची, पट्टी सगळ्या मशीनवर तळाला आहे.

घड्याळ पाच मिनिटं पुढेमागे होऊ नये म्हणून संस्थेतल्या प्रत्येक मशीनवर कुणालाही काहीही इन्स्टॉल करता येईल अशी व्यवस्था झाली आहे. पेनड्राइव्हमधून आलेला व्हायरससुद्धा इथे अॅडमिन म्हणूनच चालेल. आणि एवढं करूनही घड्याळं जुळलेली नाहीत. शिवाय सर्व्हर स्वतःच कुणाकडून वेळ घेत नाही.

९ जून, शुक्रवार

पर्याय मांडून बघितले.

दुसऱ्या खात्याच्या नावाने प्रोग्रॅम चालवणाऱ्या ‘रन-अॅज’ कमांडने अॅडमिनचा पासवर्ड एकदा साठवून ठेवायचा आणि बॅच फाइल त्याच्या जोरावर चालवायची. नेटवर पहिला सल्ला हाच मिळतो. पण साठवलेला पासवर्ड त्या एका फाइलपुरता राहत नाही. तोच युजर त्याच्या जोरावर दुसरं काहीही चालवू शकतो. हा पर्याय बाद.

लोकल सिक्युरिटी पॉलिसीत ‘चेंज द सिस्टिम टाइम’ नावाचा हक्क वेगळा आहे. तो युजर्स गटाला दिला की अॅडमिन न करताही ती बॅच फाइल चालेल. अॅडमिन करण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं, आणि ज्या कार्यालयात घड्याळाला पुरावा म्हणून किंमत नाही तिथे चालूनही जाईल. इथे नाही. इथे ज्याच्या व्हाउचरवर वेळ उमटते त्यालाच ती वेळ बदलता येणार. शिवाय काही मशीनवर विंडोजची होम आवृत्ती आहे, तिच्यात ही पॉलिसीची खिडकीच नसते.

तिसरा पर्याय: शेड्यूल्ड टास्क, ‘सिस्टिम’ खात्याच्या नावाने, मशीन सुरू होताना चालणारा. हे चालतं. पण घड्याळ एकदम उडी मारतं, आणि दिवसभरात पुन्हा कुणी बघत नाही.

उत्तर विंडोजच्या पोटातच आहे. ‘विंडोज टाइम’ ही सेवा ‘लोकल सर्व्हिस’ या अंतर्गत खात्याने चालते आणि त्या खात्याला वेळ बदलण्याचा हक्क जन्मतःच असतो. समोर कोण बसलंय, त्याला काय हक्क आहेत, कुणी लॉगिन केलंय की नाही, याच्याशी तिचा संबंध नाही. फरक थोडा असेल तर ती घड्याळाची चाल किंचित कमीजास्त करून हळूहळू जुळवते. मधला सेकंद गाळत नाही, पुन्हा मोजत नाही. फक्त तिला योग्य पत्ता द्यायला हवा.

साहेबांना समजावताना फार बोलावं लागलं नाही. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे का ठेवतात, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. एवढंच म्हणाले, “म्हणजे अॅडमिन काढल्यावर माणसं अडणार नाहीत ना? ते बघा आधी.”

१२ जून, सोमवार

वेळ देणारं मशीन उभं केलं. जुना, कुणी वापरत नसलेला डेस्कटॉप, त्यावर लिनक्स आणि ‘क्रोनी’ हा वेळ जुळवणारा प्रोग्रॅम. मुख्य सर्व्हरवर हे काम टाकलं नाही. त्याच्यावर आधीच बरंच काही लटकलेलं आहे.

वेळ घ्यायची कुठून, याचं उत्तर आता आपल्या मर्जीवर नाही. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांत स्पष्ट म्हटलंय की संगणकांची घड्याळं एनआयसी (केंद्र सरकारची संगणक संस्था) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, म्हणजे एनपीएल, यांच्या एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवायची पद्धत) सर्व्हरशी किंवा त्यांच्यापर्यंत माग पोचेल अशा सर्व्हरशी जुळवा. लॉग १८० दिवस ठेवा, सायबर घटना सहा तासांत कळवा, हेही त्यातच. संस्था तालुक्याची असली तरी त्यातल्या ‘बॉडी कॉर्पोरेट’ या शब्दात ती बसते असं माझं मत आहे, आणि बसत नसती तरी मी हेच सर्व्हर घेतले असते. भारतीय प्रमाणवेळ दिल्लीच्या एनपीएलमध्ये अणुघड्याळांवर राखली जाते. तिथूनच घेणं सरळ.

एनआयसीचे ‘समय१’ आणि ‘समय२’, आणि एनपीएलचा एक, असे तीन स्रोत टाकले. तीन यासाठी की एक भरकटला तर उरलेले दोन त्याला उघडं पाडतात; दोनच असते तर खरा कोणता हे कळलं नसतं. ‘मिनसोर्सेस’ दोन ठेवलंय: किमान दोन स्रोत वापरण्याजोगे असल्याशिवाय क्रोनी घड्याळाला हात लावणार नाही. उडी मारायची मुभा फक्त सुरू झाल्यावरच्या पहिल्या तीन दुरुस्त्यांपुरती. ‘लोकल स्ट्रॅटम १०’ सुद्धा टाकलं, म्हणजे पावसात ब्रॉडबँड गेलं तरी हे मशीन आतल्यांना वेळ देत राहील. त्या काळात दिल्लीपासून अर्धा सेकंद फरक पडेल, पण काउंटर आपसांत जुळलेले राहतील, आणि रोजकीर्दीला तेवढं पुरतं.

फायरवॉलमध्ये यूडीपी १२३ उघडलं: बाहेर फक्त या मशीनला, आत सगळ्यांना.

एनटीपीचं काम मला अजूनही सुंदर वाटतं. विचारणारा आपली वेळ लिहून पाकीट पाठवतो, देणारा ते पोचल्याची आणि उत्तर निघाल्याची वेळ लिहितो, उत्तर परत आलं की विचारणारा चौथी वेळ लिहितो. या चार आकड्यांतून रस्त्यातला उशीर वजा होतो आणि घड्याळांतला फरक उरतो. डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये हे पहिल्यांदा कागदावर मांडलं. मूळ कल्पना तीच आहे.

१४ जून, बुधवार

काउंटरच्या मशीनवर सेवा लावायला घेतली. इथे डोमेन, म्हणजे सगळ्या मशीनवर एका सर्व्हरचं नियंत्रण, नाही; साधा वर्कग्रुप आहे, प्रत्येक मशीन आपापलं, आणि वर्कग्रुपात विंडोज टाइमचं वागणं डोमेनपेक्षा वेगळं असतं. डोमेनमध्ये पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला तर कर्बेरॉस ही ओळख तपासणारी व्यवस्था लॉगिनच नाकारते, म्हणून तिथे सेवा कायम चालू असते. वर्कग्रुपमध्ये ती बहुतेक वेळ बंदच असते. आठवड्यातून एकदा एक टास्क तिला उठवतो, ती मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला एकदा विचारते आणि पुन्हा झोपते. पुष्कळ जण ‘सेवा बंद पडते’ म्हणून पुन्हा इन्स्टॉल करत बसतात, पण ती बंद पडत नाही, तिला तसंच सांगितलेलं असतं.

म्हणून तीन गोष्टी केल्या. ‘एससी ट्रिगरइन्फो’ने तिचे चालू-बंद करणारे ट्रिगर काढून टाकले. सुरुवात ‘ऑटोमॅटिक’ केली. आणि डब्ल्यू३२टीएमने आपल्या मशीनचा पत्ता देऊन ‘सिंकफ्रॉमफ्लॅग्ज मॅन्युअल’ सांगितलं, विचारायचं अंतर ३,६०० सेकंद. पत्त्याच्या मागे शून्य-एक्स-नऊ हा आकडा जोडावा लागतो. नऊ म्हणजे आठ आणि एक: आठने मशीन नुसतं ग्राहक म्हणून विचारतं, एकने आपण दिलेलं अंतर पाळतं. तो एक विसरला तर ३,६०० लिहून उपयोग नाही.

हे सगळं एका फाइलमध्ये बांधलं. माझ्या अॅडमिन खात्याने एकदा चालवायची, की काम झालं. स्टार्टअपमधली ती बॅच फाइल काढून टाकली.

कॅशियर ताईंच्या मशीनवर साधं खातं करून बघितलं. ‘स्ट्रिपचार्ट’ने आमच्या मशीनशी असलेला फरक दाखवला. त्याच खात्यावरून ‘रिसिंक’, म्हणजे आत्ता वेळ जुळव, म्हटलं तर ‘अॅक्सेस इज डिनाइड’. मला हवं ते हेच: फरक बघता येतो, बदलता येत नाही, आणि बदलायची गरज पडत नाही.

१६ जून, शुक्रवार

दोन मशीन अडून बसली.

पहिलं ते ४५,००० सेकंदांचं. ४५,००० सेकंद म्हणजे बरोबर साडेबारा तास. टाइम झोन बघितला तर पॅसिफिक, अमेरिकेचा पश्चिम किनारा. विंडोज टाकताना कुणी बदललाच नव्हता. त्यावर कुणीतरी घड्याळ हाताने भारतीय वेळेला लावलेलं. सकाळी अकराला दिसायला अकरा, पण आतून मशीन समजतंय की कॅलिफोर्नियात अकरा वाजलेत. खरी वेळ आली की स्क्रीनवर आदल्या रात्रीचे साडेदहा होतात. विभागातल्या ताई म्हणाल्या, “ते ऑटोमॅटिक केलं ना, की तारीख कालची होते. म्हणून मीच बंद ठेवलं होतं.” त्यांनी बघितलेलं खरं होतं. ‘टीझेडयुटिल’ने झोन भारतीय केला, मग सेवा सुरू केली, एका सेकंदाच्या आत जुळलं. टाइम झोन बदलण्याचा हक्क विंडोज व्हिस्टापासून वेगळा केलेला आहे आणि तो साध्या युजरलाही मिळतो, लॅपटॉप घेऊन फिरणाऱ्यांसाठी. इथे मशीन टेबलावरून हलत नाहीत. ज्या मशीनवर पॉलिसी उघडते तिथे तो हक्कही काढला.

दुसरं मशीन कर्ज विभागातलं, रोज सकाळी २००९ सालात उठतं. मदरबोर्डवरचा सेल गेलाय. तीन व्होल्टचा सीआर२०३२, मनगटी घड्याळाच्या दुकानातही मिळतो. इथे संध्याकाळी निघताना शिपाई भिंतीवरच्या बोर्डाची बटणं बंद करतात, ते बरोबरच आहे. पण लाइन बंद झाली की आतलं घड्याळ पूर्ण सेलवर येतं, म्हणून असे सेल लवकर संपतात. तारीख २००९ असली की ब्राउझर प्रत्येक सरकारी साइट अवैध ठरवतो, कारण सर्टिफिकेट त्याच्या लेखी अजून सुरूच झालेलं नसतं.

सेवेने हे स्वतः दुरुस्त करायला हवं होतं. इव्हेंट लॉगमध्ये ३४ नंबरची नोंद सापडली: वेळ एवढी बदलावी लागेल, पण ५४,००० सेकंदांपेक्षा जास्त बदल मी करणार नाही. ५४,००० म्हणजे १५ तास. वर्कग्रुपच्या मशीनवर ही मर्यादा दोन्ही बाजूंना सारखीच असते. याआधी अशा वेळी कर्ज विभागातल्या ताईच हाताने तारीख लावायच्या. आता त्यांच्याकडे हक्क नसणार, मग त्या सकाळी काय करणार? अॅडमिन काढणं टिकेल की नाही ते याच प्रश्नावर ठरतं. माणूस एकदा अडला की दुसऱ्या दिवशी सगळे हक्क परत द्यावे लागतात.

बराच विचार करून मर्यादा दोन बाजूंना वेगवेगळ्या ठेवल्या. सेल गेलेलं मशीन नेहमी मागे जातं. ते कधी २०३० मध्ये उठत नाही. म्हणून पुढे ढकलायची मर्यादा काढून टाकली, ‘मॅक्सपॉझ’मध्ये चार अब्जांच्या वरचा तो सगळ्यात मोठा आकडा घातला, ज्याचा अर्थ ‘कितीही’. मागे ओढायची मर्यादा मात्र १५ तासांवरून एका तासावर आणली. घड्याळ मागे गेलं की एकाच दिवसाची तीच वेळ दोनदा येते, आणि रोजकीर्दीची वाट तिथेच लागते. एका तासापेक्षा जास्त मागे जायची वेळ आली तर सेवेने थांबावं, लॉगमध्ये लिहावं, आणि मला फोन यावा. धोका उरतो तो आमचं वेळ देणारं मशीनच भविष्यात गेलं तर. त्यासाठीच तीन स्रोत आणि उडीवर बंधन.

सेल बदलून घेतला, तरी एकदा मुद्दाम तो काढून मशीन सुरू केलं. लॉगिनच्या पडद्यावर २००९ दिसलं, कुणी काही न करता थोड्या वेळात आजची तारीख आली.

१९ जून, सोमवार

मुख्य कार्यालयात सगळ्यांचं अॅडमिन काढलं, यूएसी पुन्हा वर केली. वेळेच्या बाबतीत कुणाला काही जाणवलंसुद्धा नाही. अडलं ते दुसरीकडे: जुनं सॉफ्टवेअर आपल्याच प्रोग्रॅम फोल्डरमध्ये तात्पुरत्या फाइली लिहितं, तिथे साध्या युजरला मनाई. त्या एका फोल्डरवर लिहायची परवानगी दिली. पासबुक प्रिंटरचं एक सेटिंग गेलं, ते लावलं. अॅडमिन काढायला लोक घाबरतात ते अशा किरकोळ गोष्टींना, पण त्या एकेक करून सुटतात.

एक्सपीच्या काळात साध्या युजरने कोपऱ्यातल्या घड्याळावर दोनदा क्लिक केलं की ‘अधिकार नाही’ असा निरोप यायचा, आणि लोकांना तर फक्त महिन्याचं कॅलेंडर बघायचं असायचं. कितीतरी कार्यालयांत अॅडमिन हक्क एवढ्यासाठी दिले गेले. आताच्या विंडोजमध्ये कॅलेंडर कुणालाही उघडता येतं.

२३ जून, शुक्रवार

आज खरा विषय निघाला. एका शाखेतून, जिथलं अॅडमिनही आता काढलंय, शाखाधिकाऱ्यांचा फोन: “सर, तारीख बदलता येत नाहीये. आमचं काम थांबलंय.” वेळ बरोबर आहे का, विचारलं तर हो. मग तारीख कशाला बदलायची? तर काल संध्याकाळी लाइट गेली, पिग्मीचे पैसे जमा झाले पण एंट्री राहिली. ती कालच्या तारखेला पडायला हवी. आजवर मशीनचीच तारीख काल करायची, एंट्री मारायची, पुन्हा आज करायची, अशी रीत होती.

त्यांना दटावण्यात काही अर्थ नव्हता. ती एंट्री कालच्या तारखेलाच पडायला हवी, हे त्यांचं म्हणणं रास्त आहे. ग्राहकाने पैसे काल दिलेत. पण व्यवहार कोणत्या दिवशीचा आणि एंट्री कधी मारली, या दोन वेगळ्या माहित्या आहेत आणि वहीत दोन्ही हव्यात. मशीनची तारीख मागे केली की दुसरी माहिती कायमची पुसली जाते. राहिलेली एंट्री कुणी नंतर भरली आणि घुसवलेली कुणी, यातला फरकच उरत नाही. अफरातफर करणाऱ्याला याहून सोयीचं काही नाही, आणि प्रामाणिक कॅशियरला आपण प्रामाणिक असल्याचं दाखवायला काही उरत नाही. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे. घड्याळाला कुलूप लागलं की त्याचा पहिला फायदा काउंटरवर बसणाऱ्यालाच होतो.

सॉफ्टवेअरच्या मेनूत बघितलं. ‘मागील तारखेची एंट्री’ हा पर्याय आहे, शाखाधिकाऱ्याच्या पासवर्डने उघडतो, कारण लिहायला लावतो, आणि एंट्री केल्याची आजची वेळ वेगळी ठेवतो. घड्याळ बदलणं सोपं होतं म्हणून तो आजवर कुणी उघडलाच नव्हता. फोनवरच पायरी-पायरीने करून घेतलं. एंट्री कालच्या तारखेला पडली, खाली आजची वेळ आणि ‘वीज नव्हती’ हे कारण. साहेबांशी बोलून सगळ्या शाखांना तसं परिपत्रक काढायचं ठरलं; मसुदा मी दिला.

सॉफ्टवेअरवाल्यांना लेखी कळवलं की पुढच्या आवृत्तीत व्हाउचरवर सर्व्हरची वेळ घाला. त्यांनी ते केलं तरी हे काम वाया जात नाही. विंडोजचे लॉग, मेल, डिजिटल सहीचं टोकन, सगळं मशीनच्याच घड्याळावर चालतं.

२९ जून, गुरुवार

आषाढीची सुट्टी. कार्यालय रिकामं म्हणून राहिलेलं उरकलं. कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरला आणि बोटाच्या ठशाच्या हजेरी मशीनला त्याच वेळेच्या मशीनचा पत्ता दिला. रेकॉर्डर नऊ मिनिटं मागे होता; व्हाउचरवरची वेळ पाहून फुटेज शोधायला गेलं तर भलताच खातेदार काउंटरवर दिसला असता. पिग्मीच्या हातातल्या मशीनना नेटवर्क नाही. ती रोज डेटा उतरवायला केबलने जोडली जातात तेव्हा त्यांच्या सॉफ्टवेअरमधून वेळ लागते, आणि ज्या संगणकाला जोडतात तो आता बरोबर आहे.

शाखांचे राउटर बघितले. त्यांच्यात सेलच नसतो. लाइट जाऊन आली की ते १९७० मध्ये उठतात आणि सर्टिफिकेटवर चालणारं व्हीपीएन, म्हणजे मुख्य कार्यालयाशी असलेली सुरक्षित जोडणी, जोडायला नकार देतात. वेळ व्हीपीएनच्या पलीकडे, आणि वेळेशिवाय व्हीपीएन नाही, अशी कोंडी. म्हणून राउटर थेट इंटरनेटवरून एनआयसीकडून वेळ घेतील आणि शाखेतली मशीन मुख्य कार्यालयाकडून. दोन शाखांत लावून झालं.

३० जून, शुक्रवार

तिमाही अखेर. दिवसभर गर्दी. संध्याकाळी कॅश बंद झाल्यावर पुन्हा स्ट्रिपचार्टने मोजलं: मुख्य कार्यालयातलं प्रत्येक मशीन एका सेकंदाच्या आत, बहुतेक तर सेकंदाच्या विसाव्या भागात. सिक्युरिटी लॉगमध्ये ४६१६ ही नोंद प्रत्येक वेळबदलाची असते, कोणत्या खात्याने केला त्यासकट. सगळीकडे फक्त ‘लोकल सर्व्हिस’.

राहिलेलं: उरलेल्या शाखांचे राउटर, जुन्या मशीनसाठी सीआर२०३२ ची एक पट्टी, विंडोज ७ ची मशीन बदलायचा प्रस्ताव (जानेवारी २०२० पासून त्यांना सुरक्षेचे अपडेट नाहीत, वेळ बरोबर असून काय उपयोग), आणि वेळ देणारं मशीन बंद पडलं तर दुसरं कोणतं, हे लिहून सर्व्हर खोलीच्या दारावर लावणं.